गाडी ठणठणीत आहे, मग तिचं सॉफ्टवेअर का मरू द्यायचं?

संपादक साहेब,

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांचा आणि गॅरेजवाल्यांचा एक त्रास कुठे छापून येत नाही म्हणून लिहितोय. गाडी पंधरा-वीस वर्षांची, इंजिन एकदम मस्त, पण एबीएस किंवा एअरबॅगची लाइट लागली की साधा स्कॅनर (गाडीतला बिघाड वाचायचं यंत्र) बऱ्याचदा हात वर करतो, तिथे कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं आणि ते असतं विंडोज एक्सपीच्या काळातलं. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मधेच संपला. जुना लॅपटॉप बंद पडला की नव्यावर ते चालत नाही, मग सगळे सांगतात गाडीच काढून टाका.

खरं तर प्रोग्रॅम बऱ्याचदा चालतो, अडतो तो लॅपटॉप गाडीला जोडणाऱ्या केबलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती केबल वापरता यावी म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम. विंडोज ११ फक्त ६४-बिटमधे येतं, त्यावर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात पण ३२-बिट ड्रायव्हर अजिबात लोड होत नाही, आणि इन्स्टॉलर १६-बिटचा असेल तर तो सुरूच होत नाही. लोक कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं वागायची सेटिंग) लावून बसतात, त्याने ड्रायव्हरचा प्रश्न सुटत नाही हो.

केबल एफटीडीआय कंपनीच्या चिपची असेल तर नशीब चांगलं, तिचा नवा ड्रायव्हर मिळतो. मग डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन पोर्ट नंबर कॉम १ ते ४ मधे आणायचा कारण बरीच जुनी सॉफ्टवेअर त्याच्या पुढचं बघतच नाहीत, आणि तिथेच लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे द्यायच्या आधी केबल किती वेळ थांबते ते) १६ मिलिसेकंदावर असतो तो १ करायचा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. जुन्या गाड्यांची के-लाइन (सॉफ्टवेअरशी बोलायची तार) सेकंदाला १०,४०० बिट या वेगाने बोलते, आणि काही गाड्यांत तर ईसीयूला (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरला) जागं करायला आधी फक्त ५ बॉडने, म्हणजे सेकंदाला ५ बिटने, पत्ता पाठवावा लागतो, त्यातच दोन सेकंद जातात, मग ईसीयूने उत्तर दिलं की लॅपटॉपने ठराविक मिलिसेकंदांत परत बोलायचं असतं, उशीर झाला की कनेक्शन तुटतं आणि माणूस उगाच केबलला किंवा गाडीला दोष देतो.

तरीही नाही जमलं तर व्हर्च्युअल मशीनमधे, म्हणजे नव्या लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमधे, एक्सपी टाकायचं, यूएसबी केबल त्यालाच जोडायची आणि त्याचं इंटरनेट बंदच ठेवायचं. बिघाडाचे कोड वाचायला-पुसायला हे पुरतं. पण ईसीयू फ्लॅश (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर बदलणं) मात्र असं कधीही करू नका, मधे यूएसबी तुटली तर ईसीयू कायमचा जाऊ शकतो.

पण हे सगळं वापरणाऱ्यानेच का शोधत बसायचं? सॉफ्टवेअर सरळ मार्गाने मिळत नाही म्हणून लोक कुठूनतरी क्रॅक कॉपी घेतात, अँटीव्हायरस बंद करून चालवतात आणि तीच ब्रेक-एअरबॅगच्या ईसीयूला जोडतात, हे किती धोक्याचं आहे! कंपन्यांनी सपोर्ट बंद करताना शेवटची आवृत्ती लायसन्सच्या अटीशिवाय खुली करावी, सोबत ६४-बिट ड्रायव्हर द्यावा, आणि तेही नको असेल तर निदान ईसीयूशी बोलायची पद्धत तरी जाहीर करावी, बाकीचं सॉफ्टवेअर लिहिणारे लोक आहेत, ते करतील. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही विनंती.

आपला एक वाचक