वेलावर एकच फळ ठेवा

संपादक महोदय,

परसबागेत अवाढव्य भोपळा पिकवू पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: वेलावर एकच फळ ठेवा. पहिल्या वर्षी खुडायला माझा हात धजावला नाही. चार ठेवले, चारही बेताचेच राहिले. यंदा ‘अटलांटिक जायंट’ या अवाढव्य भोपळ्याच्या वाणाचं बी लावलं. सकाळी लवकर नरफूल खुडून त्याचे परागकण मादीफुलाला स्वतः लावले, वेलाच्या पेरांवर माती ओढली. तिथेही मुळं फुटतात. फळ फुगलं की देठाला ताण बसतो, म्हणून लगतचा वेल आधीच सैल करावा.

अवाढव्य कलिंगडासाठी ‘कॅरोलिना क्रॉस’ हे वाण उत्तम. मात्र कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी दिलं तर फळ तडकतं. माझं तसंच गेलं. फार जीव लागला होता त्याच्यावर. २०१३ साली अमेरिकेत १५९ किलोचं कलिंगड पिकलं होतं!

– एक बागप्रेमी वाचक