खड्डे खणायला तरुण, ठरवायला कोण?

महोदय,
वृक्षारोपणाला खड्डे खणायला आणि छायाचित्राला तरुण हवे असतात. निधी कुठे खर्चायचा हे ठरवताना मात्र त्यांना, त्यातही मुलींना, कोणी विचारत नाही. दुष्काळात पाण्यासाठीची पायपीट वाढली की आधी मुलीची शाळा सुटते. विहीर कधी तळ गाठते हे तिलाच नेमके ठाऊक असते! हवामान बदलाविषयीच्या २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही स्त्री-पुरुष समानता आणि पुढच्या पिढ्यांना न्याय यांचा उल्लेख आहे. पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात सुरू केलेल्या वृक्षलागवडीच्या चळवळीत ग्रामीण स्त्रियांनीच रोपे वाढवली. सरपण, पाणी आणि स्त्रीचा मान हे प्रश्न तिथे एकत्रच हाताळले गेले. पाणी आणि हवामानविषयक स्थानिक समित्यांत तरुण मुला-मुलींना मताधिकारासह जागा द्यावी. आणि घरात पाणी भरायची पाळी मुलग्यांनाही लावावी.
– एक वाचक