अध्यक्ष महोदय, आमचा आमदार सभागृहात काय बोलला?

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा

विषय : प्रत्येक सदस्याच्या सभागृहातील कामाची नोंद मतदाराला सहज वाचता यावी याबाबत

महोदय,

हिवाळी अधिवेशन आलं की सीताबर्डीवरचा कुठला रस्ता बंद राहणार, हे नागपूरकराला सगळ्यात आधी कळतं. मग मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनाची रंगरंगोटी, आमदार निवासातली वर्दळ, टेकडी रोडवर अडवलेले मोर्चे आणि हुरडा पार्ट्यांच्या बातम्या. विधानभवनाच्या पायऱ्यांवर कोणी कसले फलक धरले, हे टीव्हीवर दिवसभर दिसतं. आम्ही निवडून दिलेला माणूस दाराच्या आत जाऊन काय बोलला, ते मात्र कळत नाही.

आमच्या जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ आहेत. या बारा जणांपैकी कोणी कुठल्या चौकाचं भूमिपूजन केलं, हे फलकांवर लिहिलेलं असतं. पण लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना, कोणी मांडली, कोणत्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली, अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं, विधेयक कोणी आणलं, पुरवणी मागण्यांवर, म्हणजे सरकारने मागितलेल्या जादा खर्चावर, कोण बोलायला उभं राहिलं, हे चहाच्या टपरीवर विचारून पाहा. कोणालाच सांगता येणार नाही. मग लोक आमदाराला रस्त्यावरून, नळावरून आणि लग्नाकार्यातल्या हजेरीवरून जोखतात. खरं तर नळ नि नाली हे नगरसेवकाचं काम. लोक तरी काय करतील, दुसरं काही त्यांच्यासमोर येतच नाही.

नुसते आकडे दिले तरी भागणार नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तारांकित, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या, प्रश्नांची छापील यादी पाहिली की एकेका प्रश्नावर सदस्यांच्या नावांची लांबलचक माळ असते. त्यातला प्रश्न मुळात कोणाचा आणि सही कोणाची, हे कोडंच. पुढे ते ठरावीक ‘हे खरे आहे काय?’ आणि त्याखाली तितकंच ठरावीक ‘अंशतः खरे आहे’. शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’. ज्याचं गाव उन्हाळ्यात टँकरवर जगतं, त्याने हे उत्तर एकदा वाचावं! सदस्याचा खरा कस लागतो तो उपप्रश्नात, म्हणजे उत्तर ऐकून लगेच विचारलेल्या पुढच्या प्रश्नात. मंत्र्यांनी दिलेलं उत्तर कागदावर किती टिकतं, हे तिथल्या तिथे दाखवून देणारा आमदार आणि मतदारसंघाचं नाव घेऊन खाली बसणारा आमदार, दोघांच्या नावापुढे ‘एक प्रश्न’ एवढीच नोंद होणार असेल, तर तिचा उपयोग काय? मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक प्रजा फाउंडेशन दरवर्षी काढतं, ते चांगलंच आहे. पण कोण काय बोलला, हे मूळ शब्दांत वाचायला देणं सभागृहाच्या हातात आहे, कोणा संस्थेच्या नाही.

अभ्यासू आमदार काय करू शकतो, हे विदर्भाने पाहिलेलं आहे. प्रा. बी. टी. देशमुख वरच्या सभागृहातले, म्हणजे आपल्याकडचे नव्हेत, तरी त्यांचंच उदाहरण देतो. अमरावती पदवीधर मतदारसंघातून 1980 ते 2010 ते विधान परिषदेत होते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने 1984 साली राज्याचा अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासाची बाकी, 3,186 कोटी रुपयांच्या घरात काढला आणि त्यातला जवळपास 39 टक्के विदर्भाचा निघाला. असे अहवाल कपाटात जातात. देशमुखांसारख्यांनी तो जाऊ दिला नाही. मागास भागांच्या विकासासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकणारं संविधानाचं कलम 371(2), राज्यपालांचे निर्देश, अर्थसंकल्पातल्या तरतुदी, सिंचनाचे तक्ते असं सगळं हातात घेऊन हा माणूस उभा राहायचा आणि सरकारला सरकारच्याच आकड्यात पकडायचा. माईक ओढायची, कागद फाडून भिरकवायची गरज त्याला पडली नाही. आपल्या सभागृहात सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. अकरा वेळा निवडून आले आणि बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसूनच दुष्काळ आणि पाणी मांडत राहिले. अशांची भाषणं आजच्या नवख्या आमदाराला एका जागी वाचायला मिळाली, तर त्याला वेगळ्या प्रशिक्षण शिबिराची गरज उरणार नाही.

आता वेळेचं पाहू. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं. राजधानी गमावलेल्या शहराची समजूत काढायची म्हणून असेल, पण शब्द दिला होता. 2019 मध्ये ते 16 ते 21 डिसेंबर चाललं. 2024 मध्येही 16 ते 21 डिसेंबर. त्या वर्षी मंत्र्यांचा शपथविधी 15 तारखेला इथल्या राजभवनात झाला आणि खातेवाटप झालं 21 तारखेला रात्री, म्हणजे अधिवेशन आटोपल्यावर. आठवडाभर सदस्यांनी प्रश्न विचारायचे तरी कोणत्या खात्याच्या मंत्र्याला? अधिवेशन किती दिवसांचं, हे कामकाज सल्लागार समितीत ठरतं आणि त्या समितीच्या अध्यक्षस्थानी आपण असता, म्हणून हे आपल्यालाच लिहितो आहे. दिवस कमी असले की लक्षवेधी आणि अर्धा तास चर्चेवर गदा येते. नियम 293 खालची, महत्त्वाच्या विषयांवरची चर्चा रात्रीवर ढकलली जाते, मोजके सदस्य आपल्या जागी बसलेल्या तालिका अध्यक्षांकडे बघत बोलत राहतात आणि गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज चालवायला, लागणारे किमान 29 जण आहेत का, हे विचारायचं कोणी मनावर घेत नाही.

आणि मोर्चे. 23 नोव्हेंबर 1994 ला, अधिवेशन चालू असताना, गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जीव गेले. झिरो माइलजवळचं त्यांचं स्मारक आणि बर्डीचा शहीद गोवारी उड्डाणपूल रोज नजरेसमोर असतात. आजही अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धान उत्पादक थंडीत रस्त्यावर बसतात. एखादे आमदार येतात, निवेदन घेतात, ‘सभागृहात मांडतो’ म्हणतात. पुढे ते औचित्याच्या मुद्द्यातून मांडलं, लक्षवेधीत आलं की फाइलमध्येच राहिलं, हे भंडाऱ्या-गडचिरोलीला परत गेलेल्या माणसाला कोण सांगणार? मंत्र्यांनी उत्तरात शब्द दिलाच, तर तो, शब्द पाळला की नाही हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे जातो. तिथून पुढचा माग काढणं वकिलालाही जड जाईल.

जुलै 2021 मध्ये विधानसभेने बारा सदस्यांना वर्षभरासाठी निलंबित केलं. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अधिवेशनापुरतंच निलंबन करता येतं, असं सांगत तो ठराव रद्द केला. इतका काळ सदस्याला बाहेर ठेवलं तर शिक्षा मतदारसंघालाच होते, हा त्यामागचा एक विचार. त्यात पक्ष कोणता होता, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण जो सदस्य आत बसूनही पाच वर्षं तोंड उघडत नाही, त्याच्या मतदारसंघाला कोणती शिक्षा होते आहे? तिची तर कोणाला खबरही नसते.

म्हणून मागणी अशी. सदस्याचं नाव टाकलं की त्याची सगळी भाषणं, उपप्रश्न, लक्षवेधी, सुचवलेल्या दुरुस्त्या आणि अशासकीय विधेयकं एका पानावर यावीत, तीही शोधता येतील अशा मराठी मजकुरात. प्रत्येक आश्वासनापुढे त्याची आजची स्थिती असावी. हजेरीही असावी. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदारांचे प्रश्न आणि चर्चा नावानिशी पाहता येतात, तेव्हा हे तंत्राला अवघड नाही. कोण चांगला नि कोण वाईट, याचे गुण सचिवालयाने देऊ नयेत, ते आम्ही देऊ. सगळ्या 288 सदस्यांचं एकदम जमत नसेल तर मागच्या नागपूर अधिवेशनापासून सुरुवात करा. दिवस इतके थोडे असतात की नोंदींना फार वेळ लागू नये.

आपला,
नागपूरचा एक मतदार