नाव झाकलं तरी चालेल, दाम झाकू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. तिथल्या हॉटेलांचे दर निवृत्त माणसाच्या आवाक्याबाहेर असतात, म्हणून ज्येष्ठांनी एक तर सहल कंपनीबरोबर जावं किंवा मुलांना रजा मिळेपर्यंत घरी थांबावं, असा सल्ला त्यात होता. तो सल्ला मला पटला नाही, आणि का पटला नाही ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

मी टपाल खात्याच्या बचत बँकेतून निवृत्त झाले. माझे यजमान हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. २०१२ मध्ये जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे होतो. मुलगा-सून दोघंही सकाळी सात वाजता घराबाहेर पडत. पहिला महिना आम्ही खिडकीतून समोरचं पार्किंग बघत काढला. शेवटी हे म्हणाले, "अगं, एवढं सातासमुद्रापार येऊन वॉशिंग्टन न बघताच परत जायचं का?" मुलाने संगणकावर हॉटेलांचे दर दाखवले. बऱ्यापैकी हॉटेल म्हणजे रात्रीचे १६० डॉलर आणि वर कर. डॉलर तेव्हा पंचावन्न रुपयांच्या आसपास होता. मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसले.

तेव्हा मुलाने बोलीची पद्धत सांगितली. प्राइसलाइन नावाचं संकेतस्थळ १९९८ मध्ये जे वॉकर यांनी अमेरिकेत सुरू केलं. सुरुवात विमानाच्या तिकिटांपासून झाली, मग हॉटेलच्या खोल्याही आल्या. दर तुम्ही सांगायचा, हा त्याचा गाभा. शहराच्या नकाशावर विभाग आखलेले असत. त्यातला विभाग निवडायचा, किती तारांकित हॉटेल हवं ते सांगायचं, रात्रीला किती देणार तो आकडा टाकायचा, आणि क्रेडिट कार्डाचा क्रमांक आधीच द्यायचा. मिनिटभरात उत्तर येई. बोली मान्य झाली तर पैसे त्याच क्षणी कापले जात आणि हॉटेलचं नाव त्यानंतर कळे. रद्द करणं नाही, तारीख बदलणं नाही, परतावा नाही.

माझे वडील शेतकरी. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बैलबाजारात जात असे. तिथे दोन माणसं उपरण्याखाली हात धरून उभी राहत. बोटं दाबून दर ठरे, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळत नसे. पण बैल समोर उभा असे. त्याचे दात मोजलेले असत, त्याला चालवून बघितलेलं असे. इथे सगळं उलटं होतं. दर आपण उघड सांगायचा, आणि बैलच उपरण्याखाली.

तरीही मला त्यात अन्याय वाटला नाही, कारण हॉटेलवाल्याची बाजू मुलाने नीट समजावून सांगितली. आजची खोली आज गेली नाही तर ती उद्या विकता येत नाही. बाजार उठायच्या वेळी मेथीची जुडी भाजीवाली निम्म्या पैशात देते, तसंच हे. फक्त हॉटेलवाल्याला हा उतरलेला दर चारचौघांत सांगता येत नाही. सांगितला, तर पूर्ण पैसे भरलेला गिऱ्हाईक भांडायला येईल. म्हणून तो नाव झाकून विकतो. नाव कळणार नाही हे मला माहीत, पैसे परत मिळणार नाहीत हेही माहीत, आणि त्या बदल्यात दर कमी. दोघांनी समजून केलेला हा व्यवहार आहे.

आम्ही विभाग निवडला तो वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदीपलीकडचा, व्हर्जिनिया राज्यातला क्रिस्टल सिटी. तिथून पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मुख्यालय, जवळ आहे. सोमवार ते गुरुवार तिथली हॉटेलं सरकारी आणि लष्करी कामासाठी आलेल्या माणसांनी भरलेली असतात, शुक्रवारी ओस पडतात. शिवाय ऑगस्टात तिथली संसद सुट्टीवर असते. म्हणून ऑगस्टमधला शुक्रवार आणि शनिवार धरला.

साडेतीन तारांकित हॉटेलसाठी पहिली बोली लावली ५५ डॉलरची. नाकारली. त्याच मागणीवर चोवीस तास पुन्हा बोली लावता येत नसे. पण काही बदल केला, उदाहरणार्थ आणखी एखादा विभाग जोडला, तर लगेच लावता येई. मुलाने इथे एक युक्ती सांगितली. नकाशावर प्रत्येक विभाग एकटा निवडून बघायचा. ज्या विभागात साडेतीन तारांकित हॉटेलच नाही तिथे तो पर्याय पुसट दिसतो. असे विभाग वहीत लिहून ठेवायचे आणि एकेक जोडत जायचे. तिथे आपल्या मागणीचं हॉटेलच नसल्यामुळे नको त्या ठिकाणी खोली मिळण्याची भीती नाही, आणि बोली मात्र पुन्हा लावता येते. मी तसे विभाग लिहून काढले. दुसरी बोली ६२ ची, नाकारली. तिसरी ६८ ची.

बोलीआधी अटी मान्य असल्याची खूण म्हणून नावाची आद्याक्षरं टाकावी लागत. इतकी वर्षं मी खिडकीवर लोकांच्या सह्या पडताळल्या, 'वाचून सही करा' असं प्रत्येकाला बजावलं. तिथे आद्याक्षरं टाकताना मीच दोनदा थांबले. यजमानांना म्हटलं, "अहो, तारखा पुन्हा एकदा वाचा." त्यांनी वाचल्या, मी बटण दाबलं, आणि बोली मान्य झाली. दोन रात्रींचे १३६ डॉलर, कर आणि सेवाशुल्क धरून १६३. म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आत दोन रात्री.

न्यूयॉर्कहून बसने गेलो. हॉटेलच्या काउंटरवर यजमानांचा पासपोर्ट आणि त्यांच्याच नावाचं कार्ड मागितलं. मुलाने त्यांच्या नावाचं जोडकार्ड काढून दिलं होतं म्हणून अडलं नाही. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात आणि रोख पैसे बरेचदा चालत नाहीत. खोली स्वच्छ होती. मेट्रोचं स्टेशन चालत पाच मिनिटांवर. पिवळ्या मार्गाची गाडी पोटोमॅक नदीच्या पुलावरून जाते, तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. सुनेने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती, त्यावर दोन दिवस निघाले.

तिथली स्मिथसोनियनची संग्रहालयं पाहायला पैसे पडत नाहीत. विमान आणि अंतराळ संग्रहालयात अपोलो ११ चं यान ठेवलेलं होतं, ज्यातून तिघे अंतराळवीर चंद्रावरून परत आले तेच. यजमानांनी तीस वर्षं फळ्यावर खडूने ते यान काढून शिकवलं होतं. त्याच्यासमोर ते अर्धा तास उभे राहिले. बाहेरून ते भाजून काळपट झालेलं आहे. वातावरणात शिरताना किती तापमान होतं ते त्यांनी मला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी मुलालाही, समजावून सांगितलं. चंद्रावरून आणलेला दगडाचा तुकडा तिथे हाताने शिवता येत होता. शिवून आल्यावर त्यांनी बराच वेळ हात धुतला नाही.

संपादक महोदय, 'घरी थांबा' हा सल्ला ऐकला असता तर हे झालं नसतं. आता त्यांचे गुडघे गेले आहेत. आज त्यांना एवढं चालवणार नाही.

दुसरी गोष्ट नायगाऱ्याची. सप्टेंबरच्या मध्यात मुलगा-सुनेला सुट्टी मिळाली, गाडीने जायचं ठरलं. वॉशिंग्टनच्या अनुभवामुळे मला धीर आला होता, म्हणून या वेळी बोली मी एकटीने लावली. नायगारा फॉल्स असं गाव निवडलं, ५० डॉलर टाकले. नाकारली. पुढची टाकणार तेवढ्यात मुलाने मागून बघितलं आणि ओरडला, "आई, हे कॅनडातलं आहे!" नायगारा फॉल्स नावाची गावं दोन आहेत, नदीच्या दोन तीरांवर. एक न्यूयॉर्क राज्यात, दुसरं कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात. आमच्याकडे व्हिसा फक्त अमेरिकेचा होता. पहिली बोली मान्य झाली असती तर पैसे गेले असते आणि दोन्ही तीर जोडणाऱ्या इंद्रधनुष्य पुलाच्या (रेनबो ब्रिज) अलीकडून आम्ही आमचंच हॉटेल बघत बसलो असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या प्रत्येकाने बोली असो वा साधं आरक्षण, गावाच्या नावापुढची राज्याची दोन अक्षरं वाचावीत. मी ती वाचली नव्हती.

पुढे अमेरिकेच्या बाजूला ५८ डॉलरला एक याप्रमाणे दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत दोनच मोठ्या माणसांची हमी असते, पलंग कसा मिळेल ते हॉटेल ठरवतं, म्हणून चौघांसाठी दोन खोल्या घेतल्या. धबधब्याने डोळ्यांचं पारणं फिटलं, त्याबद्दल नव्याने काय लिहू!

माझी तक्रार त्या हॉटेलच्या काउंटरवर सुरू होते. सगळे पैसे आधीच भरलेले असताना तिथल्या माणसाने दर खोलीमागे रात्रीचं 'सुविधा शुल्क' मागितलं. कसली सुविधा विचारलं, तर पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा आणि इंटरनेट. आम्ही म्हटलं, आम्हाला तलाव नको. तो म्हणाला, नको असला तरी द्यावं लागतं. गाडी उभी करण्याचे पैसे वेगळे. सगळं धरल्यावर स्वस्तात घेतलेली खोली जवळपास दीडपट महाग झाली, आणि परतावा नसल्यामुळे पाठ फिरवून जाण्याची सोय नव्हती. मुलाने पैसे भरले. मी रात्री वहीत तो आकडा लाल शाईने लिहिला.

हॉटेलचं नाव झाकलेलं होतं, ते मी मान्य केलं होतं. दाम झाकलेला असेल हे मी कुठेही मान्य केलं नव्हतं. ग्राहक आपल्या तोंडाने एक दर सांगतो, समोरचा 'मान्य' म्हणतो, आणि मग काउंटरवर दुसराच दर निघतो, ही बोलीची चेष्टा आहे. उपरण्याखाली ठरलेला दर बैल घरी नेताना कुणी वाढवला तर त्या माणसाला बाजारात परत उभं करत नसत.

बोलीची ती पद्धत आता राहिलेली नाही. विमानतिकिटांची बोली २०१६ मध्ये बंद झाली, पुढे हॉटेलांचीही. मला त्याचं वाईट वाटतं, कारण साध्या माणसाला 'मी एवढेच देईन' म्हणायची ती एक जागा होती. नाव झाकलेल्या खोल्या मात्र आजही मिळतात, प्राइसलाइनवर मिळतात, हॉटवायर या दुसऱ्या संकेतस्थळावरही मिळतात. पण दर त्यांचा, घ्यायचा तर घ्या. तरीसुद्धा शुक्रवार-शनिवारचं कचेऱ्यांच्या भागातलं हॉटेल, हंगाम सरल्यानंतरचा आठवडा, मेट्रोजवळचा पण नदीपलीकडचा विभाग, ही गणितं अजून तशीच चालतात.

सक्तीच्या शुल्काबाबत तिथे आता नियम झाला आहे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार हॉटेलला जो दर दाखवायचा त्यात सक्तीची सगळी शुल्कं धरावी लागतात. सरकारी कर आणि ऐच्छिक पार्किंग त्यात नसू शकतं, एवढं ध्यानात ठेवावं. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात संकेतस्थळांवरच्या फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधी थोडा दर दाखवून शेवटच्या पानावर वाढवत नेणं हा त्यात अनुचित प्रकार ठरवला आहे. आणि तरी गेल्या दिवाळीत कोकणात जायला खोली बघताना शेवटच्या पानावर दोन नवीन रकमा उगवलेल्या मी पाहिल्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली. बाकीच्यांनीही करावी. एका म्हातारीच्या तक्रारीने हलणार नाहीत, शंभर आल्या तर हलतील.

आमच्या शेजारचे दोघं येत्या मे महिन्यात मुलीकडे जात आहेत. त्यांनी आपला तो लेख कापून ठेवला होता आणि वॉशिंग्टनचा बेत रद्द करायला निघाले होते. मी त्यांना माझी २०१२ ची वही दिली आहे. आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीत पुन्हा हॉटेलांचे दर छापाल तेव्हा नुसता खोलीचा दर छापू नका. कर, सुविधा शुल्क आणि पार्किंग धरून काउंटर सोडताना हातातून किती जातात तो आकडा छापा, आणि शक्य तर एप्रिलच्या आत छापा. मे महिन्यात जाणाऱ्यांची आरक्षणं त्याच सुमाराला होतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
मिरज, जि. सांगली