संकल्पाचं साल अखाजीला धरावं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा सौ.ने बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) डब्याच्या तळाशी घालायला जुनी रद्दी काढली. त्यात आपल्या अंकाची १ जानेवारीची नववर्षाच्या संकल्पांची पुरवणी निघाली. पहाटे उठा, पाच किलोमीटर चाला, व्यसन सोडा, रोज वीस पानं वाचा, राग आवरा. त्यात सांगितलेलं एकही चुकीचं नाही. ती पानं मी उभ्याउभ्याच पुन्हा वाचली आणि हे पत्र लिहायला बसलो. कारण यातला प्रत्येक संकल्प मी कधी ना कधी जानेवारीत धरलेला आहे आणि जानेवारीतच सोडलेला आहे. आपण आळशी आहोत म्हणून सुटतो, असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही.

मी रावेर तालुक्यातला शेतकरी, वय ५३. सहा एकर जमीन. तीन एकर केळी, बाकीच्यात कापूस आणि कापूस निघाला की गहू-हरभरा. जानेवारीत गव्हाला पाणी भरायचं असतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की दहा-साडेदहाला मोटर सुरू करायची, हातात बॅटरी घेऊन वाफ्यावाफ्यानं फिरायचं आणि पहाटे कधीतरी घरी येऊन पाठ टेकायची. थंडी इतकी की पायाची बोटं आपली आहेत हे कळत नाही. अशा माणसानं पाचला उठून चालायला जायचं कसं? चौथ्या दिवशी नेम मोडतो. मोडला त्याचं दुःख नाही, पण मोडल्यावर ‘आपल्याच्यानं काही होणार नाही’ हे मनात घर करून बसतं आणि पुढचे अकरा महिने हलत नाही.

संपादकसाहेब, आमच्या खान्देशात वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, फिरतं. त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतो, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. आणि त्याच दिवशी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल संपून नवं ठरतं. ओट्यावर बसून वही उघडायची, उचल किती घेतली, खाडे, म्हणजे गैरहजेरीचे दिवस, किती पडले, देणं किती राहिलं, सगळं मिटवायचं आणि मग पुढच्या सालाची बोली करायची. सालदार आता कमी झालेत, नव्या पिढीला ही पद्धत ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगितलं.

आठ वर्षांपूर्वीच्या अखाजीला आमच्या सालदारांचे १९ खाडे निघाले. घरचं आजारपण, बहिणीचं लग्न, मध्ये त्यांना स्वतःला ताप. मी म्हणालो, “भाऊ, औंदा खाडे जास्त झाले.” ते शांतपणे म्हणाले, “झाले ना आप्पा, भरून देतो. खाडा पडला म्हनून साल मोडत नई.”

ते उठून गेले, मी वही घेऊन तसाच बसून राहिलो. मी तर स्वतःचं साल एका खाड्यात मोडत आलो होतो. त्याच रात्री त्या वहीचं शेवटचं पान उलटं धरून मी वर माझं नाव लिहिलं, खाली ‘अखाजी ते अखाजी’ लिहिलं आणि शेजारी खाड्यांचा रकाना आखला. काम मात्र ऋतू बघून वाटून घेतलं, जसं सालदाराला देतो. ज्येष्ठात कोणी त्याला कापूस वेचायला सांगत नाही.

पहिलं काम रागाचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हे आपल्याला सांगायला नको. वही धरली त्याच्या आदल्या ज्येष्ठात वादळानं माझी अर्धा एकर केळी घडासकट आडवी केली होती. झाडं पट्टीनं बांधायचं काम मुलानं दोन दिवस लांबवलं होतं. भर दुपारी, मजुरांसमोर, मी त्याला नको ते बोललो. तो पंधरा दिवस भुसावळला आत्याकडे जाऊन राहिला. वादळ बांधलेल्या बागेलाही सोडत नाही, हे मला त्याही वेळी माहीत होतं. म्हणून वहीत लिहिलं: अखाजी ते मृग, दुपारी बारा ते चार कोणाशी व्यवहाराचं बोलायचं नाही, कोणाची चूक काढायची नाही. जे सांगायचं ते दिवेलागणीनंतर, अंगणात पाणी मारून झाल्यावर. पहिल्या साली ११ खाडे पडले. गेल्या साली तीन. मुलगा आता बागेचा सगळा हिशेब माझ्यासमोर मांडतो, पूर्वी आईमार्फत सांगायचा.

दुसरं काम तंबाखूचं, आणि ते सगळ्यात अवघड गेलं. आमच्या माईचा नेम आहे, आषाढी एकादशीपासून वांगं सोडायचं ते थेट चंपाषष्ठीला खायचं. ज्या जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वांग्याच्या मुलखात जन्म काढायचा आणि चार महिन्यांहून जास्त काळ ते तोंडात घालायचं नाही, ही लहान गोष्ट नाही. मी तिच्याजवळ तंबाखूचं बोललो तर ती म्हणाली, “मंग तुही तमाखूबी वांग्यासंगच सोड नं बापा.” मी सोडली. आषाढ-श्रावण कसेबसे गेले. निंदणीच्या दिवसांत मजूर चंची काढायचे, तेव्हा मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला जायचो. कार्तिकी आली, गेली. मग चंपाषष्ठी झाली आणि दोन दिवसांनी शेतात भरीत ठेवलं. कापसाच्या काट्यांवर वांगी भाजली, बडगीत मिरची-लसणासोबत ठेचली, कळण्याच्या भाकरी, सोबत कांद्याची पात. जेवणं झाली, जाळ खाली बसला. शेजारच्या मित्रानं तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला, अंगठ्यानं मळली, दोन थापा मारल्या आणि काही न बोलता हात पुढे केला. चुन्याचा तो वास आला आणि माझा हात आपोआप गेला. सगळे पावणेपाच महिने त्या एका चिमटीत गेले, असं वाटून मी रात्रभर जागा होतो.

सकाळी वही काढली आणि एक खाडा लिहिला. फक्त एक. पूर्वी अशा वेळी मी दुकानातून पुडी घेऊन आलो असतो.

केळीवाल्यांना माहीत आहे, पील, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारा कोंब, एकदा कापून भागत नाही. खोडाशेजारी पंधरा-वीस दिवसांनी ते पुन्हा डोकं काढतं, पुन्हा विळा चालवावा लागतो, नाहीतर मूळ झाडाचं खाणं ते खातं. पील आलं म्हणून कोणी बाग मोडत नाही. मी तीन सालं तंबाखू कापत होतो. चौथ्या चंपाषष्ठीला तोच मित्र हात पुढे करता करता थांबला आणि त्यानं मूठ मिटून घेतली. त्यालाही बहुतेक माझी सवय झाली होती. आता चार वर्षं झाली, त्या रकान्यात काही लिहावं लागलेलं नाही.

पौषाबद्दल थोडं. पारा १० च्या खाली उतरला की केळी अडते. एरवी आठवड्याला पान टाकणारं झाड पंधरा-वीस दिवस एका पानावर थांबतं, पोग्यातच, म्हणजे गुंडाळलेल्या कोवळ्या पानातच, अडकून बसतं. आपण त्याच्यावर ओरडत नाही. बांधावर रात्री धूर करतो, पाणी देतो, वाट बघतो. माझ्या वहीत पौष-माघात नवं काहीच लिहिलेलं नसतं. जे चाललंय ते टिकवायचं, रात्रीची लाईट सांभाळायची आणि झोप पुरी करायची. हे लिहायला मला दोन सालं धीर झाला नव्हता, कारण सगळं जग त्याच महिन्यात नवीन काहीतरी सुरू करत असतं.

वाचनाचं काम मी पावसाळ्यात ठेवलं आहे. झड लागली की आठ-आठ दिवस शेतात वाफसा येत नाही, म्हणजे कामाजोगी ओल होत नाही, माणसं पारावर बसून असतात. पण आमच्या भागातल्या एका वाचनालयाची वेळ बाराही महिने तीच, सकाळी अकरा ते पाच. वैशाखात त्या वेळी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि कापूस वेचणीत सारं गाव शेतात असतं. मी दोनदा अर्ज दिला. वैशाखात सकाळी सात ते दहा आणि वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी दिवे लागल्यावर दोन तास उघडा, एवढीच मागणी आहे. शाळेची वेळ उन्हाळ्यात सकाळची होते, मग वाचनालयाची का होऊ नये? याबद्दल आपण लिहावं, गावोगावच्या चालकांपर्यंत ते पोहोचेल.

दुसरी विनंती आपल्याला. अखाजी तीन आठवड्यांवर आली आहे. त्या दिवशीच्या अंकात एक साधं पान द्या. वर वाचकानं स्वतःचं नाव लिहायला जागा, खाली वैशाखापासून चैत्रापर्यंतचे बारा महिने, प्रत्येक महिन्यासमोर एकाच कामापुरती ओळ. मजूर बाया, एसटीचे वाहक, बारावीची पोरं, सासरहून आलेल्या लेकी, ज्याला त्याला आपापला ऋतू ठाऊक आहे, ते आपलं भरतील. माझा मुलगाही यंदा पान मागतो आहे, काय लिहिणार ते त्यानं सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. पान कापून दाराच्या मागे चिकटवता येईल एवढं मोठं ठेवा, आणि उजवीकडे खाड्यांचा रकाना विसरू नका.

आपला वाचक,
एक केळी उत्पादक शेतकरी,
ता. रावेर, जि. जळगाव