विम्याचा 'नो क्लेम बोनस' माझा नव्हता, ओटीपी मात्र माझाच

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

मी सांगलीचा. एसटीत २९ वर्षं स्टिअरिंग धरलं, पण स्वतःची गाडी निवृत्तीनंतर घेतली, तीही जुनी, २०१७ची स्विफ्ट. इंजिनात काय वाजतंय ते मला बसल्या जागी कळतं. विम्याच्या कागदात काय वाजत होतं ते मात्र कळलं नाही, म्हणून हे पत्र.

गाडी नावावर झाली आणि विमा काढायची वेळ आली. कंपनीच्या ऑफिसात चौकशी केली तर फुल इन्शुरन्सचे १२,३०० रुपये सांगितले. आरटीओजवळच्या एका गाळ्यात ब्रोकर बसतो. त्यानं त्याच कंपनीची तीच पॉलिसी ८,१६० रुपयांत देतो म्हटलं. पेन्शनरला चार हजार म्हणजे काय, हे दिल्लीत सांगून समजणार नाही. "काका, जुने कागद-बिगद काही नको, फक्त ओटीपी सांगा." मी सांगितला. चहा पिऊन होईस्तोवर पॉलिसी व्हॉट्सॲपवर आली.

जानेवारीत रात्री आष्ट्याजवळ ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीला धडकलो. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हंगामात आमच्याकडं हे रोजचंच, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. जीव वाचला. बॉनेट, रेडिएटर आणि पुढचा सगळा भाग धरून गॅरेजवाल्यानं ७४,००० चं एस्टिमेट दिलं. सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. पंधरा दिवसांनी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. पुतण्यानं वाचून सांगितलं : तुम्ही खोटा 'नो क्लेम बोनस' (एनसीबी) घेतलात, सबब क्लेम नामंजूर.

पॉलिसी पुन्हा उघडली. खरंच, त्यात एनसीबी ५० टक्के. हप्त्यातली ही सूट लागोपाठ पाच वर्षं क्लेम न घेणाऱ्याला मिळते. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर विकला जात नाही. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली, त्याच्या नावावर पाच वर्षांची पुण्याई! मग हिशेब मांडला. थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचे, ३,४१६ रुपये सरकार ठरवतं, त्यात कुणी पैसा कमी करू शकत नाही. उरला ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हप्ता, ७,०००. तो निम्मा केला, थर्ड पार्टीचे मिळवले आणि जीएसटी लावला, की वरचे पैसे सोडून ८,१६० होतात. ब्रोकरनं स्वतःच्या खिशातनं एक रुपया सोडला नव्हता. माझ्या तोंडी खोटं घातलं आणि ते मला 'डिस्काउंट' म्हणून विकलं.

चूक माझीही आहे. ओटीपी मी वाचून दाखवला आणि पॉलिसी न वाचता ठेवून दिली. पण कायद्यानं एजंट हा कंपनीचा माणूस आणि ब्रोकर हा ग्राहकाचा. माझाच माणूस म्हणवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "काका, आता कंपनीशी बोला." नंतर तो फोन उचलेनासा झाला.

आणि कंपनी? गाडीच्या विम्याची 'इंडिया मोटर टॅरिफ' ही जुनी नियमावली आहे. तिच्या २७व्या नियमात लिहिलंय, की ग्राहकाच्या नुसत्या शब्दावर बोनस दिला तर नव्या कंपनीनं २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लिहून खात्री करायची. माझी पॉलिसी निघून तोवर सात महिने झाले होते. एवढ्या काळात कुणी काही विचारलं नाही. क्लेम आला आणि तपासणी मात्र पंधरा दिवसांत झाली. हप्ता घेताना डोळे मिटायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की चष्मा लावायचा, असा हा कारभार.

माझं मागणं छोटं आहे. गाडी माझ्या नावावर कधी झाली ते सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसतं. आधी कधी गाडीच नसलेल्या, नुकत्याच झालेल्या मालकाला ५० टक्के बोनस मिळू शकत नाही, हे कॉम्प्युटरला पॉलिसी काढतानाच कळायला हवं. तिथंच ती अडवायची सक्ती विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयमार्फत करा. दुसरं, ओटीपीच्या मेसेजमध्ये नुसते सहा आकडे नकोत. 'तुम्ही पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही, असं सांगत आहात' हे वाक्य मराठीत असू द्या. ते वाचलं असतं तर मी तिथंच थांबलो असतो. आणि एवढं करून कंपनीनं तपासलंच नाही, तर बोनसची रक्कम कापून बाकीचा क्लेम द्यावा. अख्खा नाकारू नये.

कंपनीकडं तक्रार करून महिना झाला, उत्तर नाही. आता पुण्याच्या विमा लोकपालांकडं अर्ज पाठवला आहे. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही, हे मला गाळ्यात कुणी सांगितलं नव्हतं, एसटीतल्या एका जुन्या कंडक्टरनं सांगितलं. गाडी अजून गॅरेजमध्येच आहे.

आपल्या कार्यालयाकडून उत्तर आलं तर मराठीत यावं. पुतण्या आता पुण्याला नोकरीला गेला आहे.

आपला,
एसटीचा एक निवृत्त चालक, सांगली