शेवटच्या चार पावलांसाठी, केविन सिनफिल्ड यांना

प्रिय केविन सिनफिल्ड यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही ज्यात नाव कमावलंत, त्या रग्बी लीगचा एकही सामना मी मैदानात बसून पाहिलेला नाही. तरीही तुम्हाला लिहितेय ते माझ्या बाबांसाठी आणि अण्णाकाकांसाठी. दोघंही सांगलीचे कबड्डीवाले. बाबा अंगानं बारीक, चपळ, चढाईला जायचे. काका डाव्या कोपऱ्यात.

२०२१ च्या दिवाळीत बाबांच्या हातातून चहाचा कप निसटायला लागला. पुढं निदान झालं, मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. बाबांची बुद्धी मात्र लख्ख होती. त्यामुळं घरी कोण येतं आणि कोण यायचं थांबलं, हेही त्यांना कळायचं. अण्णाकाका थांबले होते. "त्याला असा बघवत नाही गं," म्हणायचे. फार राग यायचा मला.

मे २०२३ मध्ये इंग्लंडात लीड्सला नोकरी करणाऱ्या मावसभावानं तिथल्या मॅरेथॉनचा व्हिडिओ पाठवला. अख्खे ४२ किलोमीटर तुम्ही रॉब बरो यांची, म्हणजे याच आजारानं जखडलेल्या तुमच्या जुन्या सहखेळाडूची, चाकाची खुर्ची ढकलत आणली होती. रेषेच्या अलीकडं थांबलात, त्यांना दोन्ही हातांवर उचलून घेतलंत, रेषा ओलांडलीत आणि त्यांच्या गालाचा मुका घेतलात. मी बघत होते ते तुमचे हात. कारण बाबांना पलंगावरून खुर्चीत मी रोज घ्यायचे. ज्याला स्वतःचा तोल धरता येत नाही ते माणूस वजनापेक्षा कितीतरी जड लागतं, आणि एवढं करून मान मागं पडू द्यायची नसते.

मग तुमच्याबद्दल शोधून बाबांना वाचून दाखवलं. १९९७ मध्ये, १६ व्या वर्षी लीड्सकडून पहिला सामना, मग त्याच क्लबसाठी ५२१. २००३ पासून कर्णधार. ३२ वर्षं हुकलेलं विजेतेपद २००४ मध्ये आणलंत. अशी एकूण सात, शेवटचं २०१५ मध्ये विगनला २२-२० हरवून. बाबांना जास्त रस होता तो तुमच्या जागेवरचा खेळाडू, लूज फॉरवर्ड, करतो काय यात. बॉल घेऊन अंगावर येणाऱ्याला पाडायचं, उठायचं, परत पाडायचं; समोरच्या संघाच्या सहा पकडी होईपर्यंत. आणि बरो सात नंबरचे, जेमतेम साडेपाच फुटांचे, फटीतून निसटणारे. बाबांचे डोळे हसले. तोवर बोलणं गेलं होतं. अक्षरांच्या तक्त्यावर मी बोट फिरवायची, ते पापणी मिटायचे. त्या दिवशी शब्द झाले: "अण्णाला पाठव."

व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी काका दारात उभे. चपला काढल्या, बराच वेळ आत आले नाहीत. मग म्हणाले, "कसा उचलायचा, दाखव."

दाखवलं. एक हात गुडघ्यांखाली, दुसरा खांद्यांमागून, मान आपल्या दंडावर. पहिल्या वेळी त्यांचे हात थरथरत होते. पुढं दर रविवारी ते आले. बाबांना खुर्चीवरून मैदानावर नेत, पोरांचा सराव बघत दोघं बसायचे. मार्च २०२४ मध्ये बाबा गेले. त्याच्या आदल्या रविवारीही दोघं मैदानावर होते.

डिसेंबर २०२० मध्ये तुम्ही मित्रासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन धावलात. ७७,७७७ पौंड मागितलेत, २० लाखांवर जमले. त्या पैशाचं मोल या आजारातल्या प्रत्येक घराला कळतं. माझ्या घरी मात्र तुमच्यामुळं अण्णाकाका परत आले, बाबांचे शेवटचे दहा महिने रविवारची वाट बघण्यात गेले. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

२ जून २०२४ ला बरो गेल्याची बातमी आली. रविवारच होता. दुसऱ्या दिवशी काका आले, बाबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसले. म्हणाले, "त्या कॅप्टनला पत्र टाक. म्हणावं, तुझा गडी गेला, माझाही गेला. पण दोघांनाही आपण उचललं होतं."

त्यांचा निरोप पोचवतेय.

तुमची ऋणी,
सांगलीच्या एका कबड्डीपटूची मुलगी